रविवारचं गिअर ऑइल

आमच्या घरातली मोटारसायकल माझ्या आधी या घरात आली. काळी, टू-स्ट्रोक, टाकीच्या दोन्ही बाजूंचा रंग गुडघे घासून घासून उडालेला. माझ्या नवऱ्यानं ती लग्नाआधी गुरांच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती, आणि तेव्हाच ती जुनी होती. आता आर्णीच्या बाजारात उभी केली की कॉलेजातली मुलं तिच्याभोवती थांबतात, एकदा किक मारून दाखवा म्हणतात. तसा आवाज रस्त्यावर आता ऐकू येत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस गाडीजवळ जितका वेळ बसतो तितका माझ्याजवळ बसत नाही, असं माझ्या लक्षात आलं. दर रविवारी सकाळी ते तिला अंगणातून बाहेर काढायचे. आमच्या अंगणाला नालीकडे उतार आहे, म्हणून ढकलत गल्लीच्या टोकाला बुद्धविहारापर्यंत न्यायचे आणि तिथल्या सपाट फरशीवर डबल स्टँडला लावायचे. मग पाने, फडकं आणि तेलाचा डबा घेऊन तिच्या बाजूला बसायचे. मी घरात शिलाई मशीनवर. गावातल्या आणि शेजारच्या तांड्यातल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते, त्यामुळे यंत्राला तेल द्यायची सवय मलाही होती. पण माझं तेल चार थेंबांचं, त्यांचं मोठं काम. ते काय करतात हे मी कधी जवळ जाऊन पाहिलं नाही. त्यांनीही कधी बोलावलं नाही.

ते अबोल होते, पण रागीट नव्हते. भाजीत मीठ कमी असलं तर स्वतः उठून मीठ घ्यायचे. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात खाटेजवळ उभे राहून तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की नर्सनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पण तिथून निघताना मला म्हणाले ते एवढंच, की काही आणायचं आहे का. बायका एकमेकींना नवऱ्यांच्या बोलण्याच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नसायचं. मी सुईत दोरा ओवत राहायची.

ते पोकलेन चालवतात. कालव्याच्या कामावर हेल्पर म्हणून लागले होते, तिथेच शिकले. आमच्या भागातलं रस्त्याचं काम संपलं तेव्हा ठेकेदारानं मशीन उत्तरेला नेलं, पार पहाडात, जिथं डोंगर फोडून रस्ता करत होते. मशीनबरोबर ते गेले. घरी राहिलो मी, आमची मुलगी आणि मामी. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. आणि गाडी राहिली. जाताना त्यांनी तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली, "आठ दिवसातून एकदा चालू करजो." मला किक मारता येते का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

पहिल्या रविवारी मी अंगणात उभ्या गाडीला किक मारत राहिले. चप्पल घसरली, किकचा दांडा नडगीवर बसला, घाम निथळला, गाडी काही सुरू होईना. शेवटी ओसरीवर तूर निवडत बसलेल्या मामी म्हणाल्या, पेट्रोलचा कॉक उघडला का. तो मी उघडलाच नव्हता. लेकाला इतकी वर्षं बघून मामींनी तेवढं टिपून ठेवलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा अंगणभर धूर झाला आणि आम्ही दोघी खोकत हसलो. ते गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

त्यांच्या छावणीत नेटवर्क नव्हतं. छावणीपासून रस्त्यानं वर चालत गेलं की एक वळण लागायचं, त्या वळणावर उभं राहिलं तरच फोन लागायचा. रविवारी दुपारनंतर काम बंद असायचं, तेव्हा ते तिथे जायचे. फोन उचलला की आधी वारा ऐकू यायचा आणि मग ते. जेवली का. माय बरी आहे का. पोरगी शाळेत जाते का. मी हो म्हणायची. तिकडे थंडी आहे का, असं मी विचारायची, ते आहे म्हणायचे. मग दोघंही गप्प, आणि मधे तो वारा. एवढ्यासाठी हा माणूस डोंगर चढून येतो हे मला कळत होतं, तरी पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं. बरं, ठेवतो, असं ते म्हणाले की मला सुटल्यासारखं व्हायचं, आणि फोन बंद झाला की लगेच वाटायचं, अजून थोडं थांबायला हवं होतं.

एका रविवारी काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, की स्टँडवर गाडी चालू असताना मी गिअर टाकून पाहिला, तर तो पायाला फार कडक लागला आणि आतून करकर आवाज आला. पलीकडून काहीच नाही. मला वाटलं, नको तिथं हात घातला म्हणून रागावले. मग ते म्हणाले, "गिअर ऑइल पाह्यलं का?"

मी म्हणाले, पेट्रोलमध्ये टाकतात ते ऑइल तर मी टाकलं होतं. त्यावर ते समजावून सांगू लागले. या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत दोन तेलं असतात. एक पेट्रोलबरोबर जळून जातं, ते इंजिनासाठी. दुसरं खाली गिअरच्या पेटीत कायम भरलेलं असतं, त्यात गिअरची चाकं बुडून फिरतात. ते जळत नाही, पण हळूहळू कमी होतं, काळं पडतं, पातळ होतं. ते कमी झालं की गिअर कडक होतो आणि चाकं एकमेकांना खातात. मी थक्क होऊन ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मी त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं कधी ऐकली नव्हती.

"आता पाहू म्हनता का?" मी विचारलं.

"आता पाय. मी हाओ इथं."

मग मी गाडी ढकलत विहारासमोर नेली. मुलीनं पाने, फडकं, नरसाळं आणि ऑइलचा डबा आणला. डबल स्टँडला लावताना गाडी माझ्या अंगावर येता येता राहिली, पायरीवर बसलेली एक म्हातारी बाई उठून धरायला आली. फोन मी स्पीकरवर टाकून सीटवर ठेवला. त्यांनी सांगितलं तसं गाडी सुरू केली, तेल जरा कोमट होऊ दिलं, बंद केली. आता बोल्ट उघडू का, म्हणून विचारलं.

"थांब थोडं. चाकावर चढलेलं ऑइल खाली उतरू दे. घाई केली तं लेव्हल खोटी दिसते."

मी फरशीवर बसले. दुपारचं ऊन विहाराच्या भिंतीवरून उतरत होतं. ते तिकडे वळणावर उभे, मी इकडे गाडीजवळ, आणि करण्यासारखं काही नाही, नुसतं थांबायचं. फोन ठेवण्याचं कारण नव्हतं, कारण काम अर्धवट होतं. त्या थांबण्यात ते बोलायला लागले.

आधी त्यांनी सांगितलं की गिअर असाच एकदा पार अडकला होता, फुलसावंगीच्या अलीकडे. फुलसावंगी माझं माहेर. मी विचारलं, कधी. ते म्हणाले, तुला पाहायला येत होतो तेव्हा. मामी आणि बाकीचे लोक एसटीनं पुढे आले होते, हे मागून गाडीवर निघाले. डॉक्टरांकडून गाडी नुकतीच घेतलेली, आत ऑइल आहे की नाही हे पाहिलंच नव्हतं. वाटेत गिअर अडकला. मग ढकलत एका दुकानापर्यंत आणली, ऑइल मागितलं, तिथेच रस्त्याच्या कडेला भरलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. साबण नव्हता. मातीनं घासले, पळसाच्या पानांनी पुसले, काळे ते काळेच राहिले.

मला तो दिवस आठवत होता, फक्त माझ्या बाजूनं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांनी प्लेटा घेतल्या, आणि मुलानं हात पुढे केलाच नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून खाली बघत बसला होता. माझ्या काकूनं ती प्लेट उचलून स्टुलावर ठेवली. पुढे होकार आला, लग्न झालं, पण ती न घेतलेली प्लेट माझ्या मनात राहिली. घरच्यांनी जबरदस्तीनं हो म्हणायला लावलं असेल, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

मी म्हणाले, "मले वाटलं, तुम्हाले मी पसंत नोती."

 मग ते म्हणाले, "हात काळे होते. तुह्या प्लेटले डाग लागला असता."

 मुलगी माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तोंड फिरवून फडक्यानं बोल्टच्या भोवतीची माती पुसू लागले. त्यांनीच मग आवाज बदलून सांगितलं, आता उघड. पेटीच्या बाजूला एक लहान बोल्ट असतो, लेव्हलचा. तो सोडला की तेल त्या भोकाच्या उंचीपर्यंत असेल तर बारीक धार बाहेर येते. नसेल तर काही येत नाही. काही आलं नाही. त्यांनी गाडी माझ्याकडे किंचित कलवायला सांगितलं, तेव्हा एक काळसर ओघळ आला. म्हणजे थोडंच कमी आहे, ते म्हणाले. वरचं झाकण उघडून नरसाळ्यानं मी ऑइल ओतलं, थोडं थोडं, त्यांनी थांब म्हटलं की थांबत. लेव्हलच्या भोकातून धार आली, तेव्हा मी ओरडूनच सांगितलं. जास्तीचं गळून जाऊ दे, ते म्हणाले. मग बोल्ट आधी हातानं फिरव, वायसर नीट बसलं का बघ, शेवटी पान्यानं थोडा आवळ, जोर करू नको, आटे जातात. सगळं झाल्यावर मी गिअर टाकून पाहिला. तो मऊ पडला. त्याचा आवाज त्यांनी तिकडे फोनमधून ऐकला आणि म्हणाले, "हं. आता बरोबर हाये."

त्या दिवसापासून दर रविवारी मी गिअर ऑइल पाहू लागले. खरं म्हणजे दर आठवड्याला ते पाहायची गरज नसते. हे त्यांना माहीत होतं, आणि पुढे मलाही कळलं, पण दोघांपैकी कुणी तसं म्हणालं नाही. फोन यायचा, जेवली का वगैरे व्हायचं, मग ते म्हणायचे, पाय एकदा. मी गाडी विहारासमोर नेऊन लावायची, सुरू करायची, बंद करायची, आणि आम्ही तेल खाली उतरायची वाट पाहायचो. त्या वेळात मी माझ्या नवऱ्याला ओळखायला लागले. बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मशीनच्या काचेवरून हातानं काढून त्यांनी खिशात ठेवला होता, मुलीला दाखवायचं म्हणून, आणि मग पँट ओली झाली. नदीचं पाणी इतकं निळं आहे की खोटं वाटतं. झारखंडचा एक ऑपरेटर शेजारच्या खाटेवर झोपतो, त्याला आपली ज्वारीची भाकर खायची आहे. लहानपणी ते बोलताना अडखळायचे, मास्तरांनी वर्गासमोर उभं केलं होतं, तेव्हापासून माणसांसमोर बोलणं नको वाटतं. हे सगळं मला गिअर ऑइल खाली उतरेपर्यंत कळलं. मीही सांगायची. कुणाच्या ब्लाउजला बाही चुकीची लागली, मामींचा गुडघा, मुलीचा पाढा. ते ऐकायचे, आणि पुढच्या रविवारी त्याबद्दल विचारायचे, म्हणजे आठवडाभर ते त्यांच्या डोक्यात असायचं.

गाडी चालवायला मी शाळेच्या मैदानावर शिकले. त्यांनीच सांगितलं, की नुसती उभी राहून गाडी खराब होते, चालवून बघ. क्लच कसा सोडायचा तेही त्यांनी फोनवरच सांगितलं. दोनदा पडले. तिसऱ्या वेळी मैदानाला पूर्ण चक्कर मारली तेव्हा मामी शाळेच्या पायरीवर उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सरकलेला. पुढे मी आर्णीला दोरे-बटणं आणायला जाऊ लागले, मामींना मागे बसवून दवाखान्यात नेऊ लागले. साडी नेसून अशी गाडी चालवणारी बाई म्हणून लोक बघायचे. काही दिवसांनी बघायचे थांबले.

मग एका हिवाळ्यात फोन येईनासा झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी लावायची तर बंद. टीव्हीवर पहाडात दरड कोसळल्याचं दाखवत होते, पण कुठली ती जागा, आमच्या माणसांची की दुसरी, ते कळायला मार्ग नव्हता. ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला सगळे सुखरूप असतील, टॉवर पडला असेल. असतील म्हणाला, आहेत म्हणाला नाही. मामी जेवायच्या कमी झाल्या. मी शिवायला बसायची आणि एकच शिवण दोनदा उसवायची.

रविवारी मात्र गाडी विहारासमोर न्यायची. फोन सीटवर ठेवायची, गाडी सुरू करायची, बंद करायची, आणि बसून राहायची. कुणी बोलत नव्हतं. लेव्हलचा बोल्ट उघडला की तेल कमी दिसायचं. भरायची, पुढच्या रविवारी पुन्हा कमी. खाली फरशीवर एक थेंब नाही. गाडी उभी असते त्या अंगणातही डाग नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर खूप यायला लागला होता. तेल जातं कुठे, हे विचारायला ज्या माणसाला फोन करायचा तोच लागत नव्हता. हे ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, पण त्या दिवसांत मला त्या कमी होणाऱ्या तेलाची फार भीती वाटायची.

आणि एका सकाळी, रविवार नसताना, अनोळखी नंबरावरून फोन आला. वारा नव्हता. त्यांचा आवाज अगदी जवळून आला. रस्ता दोन्हीकडून बंद झाला होता, टॉवर पडला होता, सगळे ठीक होते, लष्कराच्या गाडीतून खाली शहरात आले होते. मी ऐकत होते. मला सांगायचं होतं की आम्ही तिघी कशा जगलो. तोंडातून आलं ते भलतंच. मी म्हणाले, गिअर ऑइल कमी होऊन राहिलं, खाली थेंब नाही.

धूर कसा आहे, त्यांनी विचारलं. पांढरा, जास्त, मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, की इंजिन आणि गिअरची पेटी यांच्या मधलं रबराचं सील गेलं आहे. पेटीतलं तेल इंजिन ओढून घेतं आणि जाळतं, म्हणून खाली पडत नाही. आता चालवू नकोस, आर्णीच्या मिस्त्रीकडे टेम्पोत टाकून ने.  मग हळू आवाजात म्हणाले, "मी तिथं रोज तो बोल्ट उघडून राह्यलो होतो. मनातल्या मनात. तू समोर बसली आहे असं समजून."

मामी बाजूला उभ्या होत्या. मी फोन त्यांच्याकडे दिला आणि आत जाऊन बसले.

मिस्त्रीनं गाडी कितीतरी दिवस ठेवली. असं सील आता दुकानात मिळत नाही, त्यानं नांदेडहून कुठूनतरी मागवलं, गाडीची एक बाजू पूर्ण खोलून बसवलं. गाडी परत घेताना तो म्हणाला, ताई, विकायची असेल तर सांगा, शहरातले लोक अशा गाड्या शोधत येतात. मी नाही म्हणाले. गाडी घेऊन घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि धूर पुन्हा पहिल्यासारखा विरळ झाला होता.

पहाडातलं काम संपलं आणि ते घरी आले, कायमचे. आता उमरखेडच्या बाजूला मशीन चालवतात, सकाळी ठेकेदाराची जीप न्यायला येते, संध्याकाळी सोडते. ते आले त्या दिवशी मामींनी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मुलगी त्यांच्या खांद्यापर्यंत उंच झाली होती. मला वाटलं, आता रोजच रविवार.

पहिल्या रविवारी ते गाडी घेऊन विहारासमोर गेले, आणि मी मशीन सोडून त्यांच्यामागे गेले. हातात फडकं घेऊन बाजूला बसले. त्यांनी गाडी सुरू केली, बंद केली, आणि तेल उतरायची वाट पाहत बसले. मी पण वाट पाहत बसले. ते काही बोलले नाहीत. मी काहीतरी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. बोल्ट उघडला, धार आली, बोल्ट लावला, माझ्या हातातलं फडकं घेऊन हात पुसले आणि गाडी घराकडे वळवली.

असे कितीतरी रविवार गेले. त्यांची माझ्यावरची माया कमी झाली नव्हती. विहिरीवरून पाणी आणायचे, मामींचा गुडघा चोळून द्यायचे, माझ्या मशीनचा पट्टा स्वतःहून बदलला. पण वळणावर उभं राहून बोलणारा तो माणूस घरी परत आलाच नव्हता. नवरा घरात आहे आणि मला त्याची आठवण येते, हे कुणाला सांगणार? मी रात्रंदिवस ज्याची वाट पाहिली तो समोर बसून जेवत होता आणि मला तो हवा होता.

मामींना कसं कळलं कोण जाणे. एकदा भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "त्याचा बाप बी असाच होता. बैलाशी बोले. माह्याशी बोलाले त्याले लाज वाटे." आणि थापलेली भाकर तव्यावर टाकली. त्यांच्याकडे तर फोनही नव्हता, असं माझ्या मनात आलं, आणि मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात आईला बरं नव्हतं म्हणून मी गाडी घेऊन फुलसावंगीला गेले. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं, पाणी मारून माती ओली केलेली, गाडीची खालची बाजू चिखलानं भरली. दुपारी आई झोपली, घर शांत होतं. मी ओट्यावर येऊन त्यांना फोन लावला आणि म्हणाले, गिअर कडक लागून राहिला, ऑइल पाहू का. गिअर अगदी चांगला पडत होता. ते म्हणाले, सपाट जागेवर लावली का? मी लावली म्हणाले. सुरू करून बंद केली का? केली. मग थांब थोडं, ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, मशीनचा आवाज मागे चालू असताना, ते बोलायला लागले. कामावरच्या एका नव्या पोकलेनबद्दल, केबिनमधल्या एसीच्या गारव्याबद्दल, आणि मग म्हणाले की फुलसावंगीच्या रस्त्याला लागलं की त्यांना अजूनही हात धुवावेसे वाटतात. मी ओट्यावर बसून ऐकत होते. बोल्ट उघडला का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. धार आली का? आली.

संध्याकाळी मी घरी आले. ते जीपमधून आधीच उतरलेले होते. त्यांनी माझ्या हातून गाडी घेतली, डबल स्टँडला लावली आणि सवयीनं खाली वाकून पाहिलं. लेव्हलच्या बोल्टवर चिखल वाळून घट्ट बसला होता, त्याला पाना लागलाच नव्हता. ते दिसलं हे मला कळलं. मी पदर नीट करत उभी राहिले. त्यांनी बोटानं तो चिखल थोडा खरवडला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि आत जाऊन मामींना फोनवर कळलेलं माझ्या आईच्या तब्येतीचं सांगू लागले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी काज करत बसले होते. त्यांचा फोन आला. ते कामावरून दुपारी कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून विचारलं, काय झालं. "कायी नाई," ते म्हणाले. "पोकलेनचं ऑइल उतरून राह्यलं. थोडा टाइम आहे."

तेव्हापासून कधी कधी असा फोन येतो. दर आठवड्याला येतो असं नाही. कामाची घाई असली की महिनाभर येत नाही, आणि मी मशीनजवळ फोन ठेवून शिवत राहते. घरी ते पूर्वीसारखेच आहेत. मुलगी आता यवतमाळला शिकते. तिला वाटतं बाबा फारच कमी बोलतात. मी काही म्हणत नाही.

मला एकदा ते वळण पाहायचं आहे. आता तिथून पक्का रस्ता गेला आहे, बसेस जातात म्हणे. मी त्यांना विचारलं होतं, न्याल का. ते म्हणाले, तिथं पाहायसारखं काहीच नाही, एका बाजूला दगड, एका बाजूला दरी, आणि वारा. तरी मला तिथे उभं राहावंसं वाटतं. तिथून बोलताना ते कोणीकडे बघत असतील, हात कुठे ठेवत असतील, चेहरा कसा होत असेल, हे मला माहीत नाही. इतके रविवार त्यांनी मला तिथून हाक दिली आणि मी इकडे फरशीवर बसून ऐकलं; त्यांना बोलताना मी पाहिलेलं नाही.